पायांतील डावें-उजवें

विदर्भांत रामटेकचा डोंगर पाहिला नाहीं, असा सुशिक्षित मनुष्य विरळाच. नागपुराच्या ईशान्येस सुमारें ५० किलोमीटरवर असलेल्या या टेकडीचें पावलांशीं जुनें नातें आहे. कालिदासाच्या मेघदूतांतील रामगिरीच्या उतारांवर रघुपतीच्या पावलांच्या खुणा असल्याचें वर्णन आहे, आणि तो रामगिरि म्हणजे हाच रामटेक, असें वा. वि. मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनीं प्रतिपादन केलें. याच टेकडीवर वाकाटकांच्या काळांतील, म्हणजे इसवी सनाच्या पांचव्या शतकांतील, त्रिविक्रमाची एक भग्न मूर्ति आहे. बळीच्या यज्ञांत बटु वामनानें तीन पावलें भूमि मागितली आणि ती मोजतांना विराट रूप धारण केलें, तो हा प्रसंग. त्रिविक्रमाच्या मूर्तींत एक पाय भूमीवर रोवलेला आणि दुसरा वर उचललेला दाखविण्याची रीत आहे. आगमग्रंथांतील लक्षणांप्रमाणें उचललेला पाय डावा आणि रोवलेला पाय उजवा असतो.

येथें एक साधा प्रश्न उपस्थित होतो. पाहणाराची दृष्टि उचललेल्या पायाकडे जाते, कारण ब्रह्मांड व्यापणारा पाय तो. परंतु सारा भार पेलून धरणारा पाय दुसराच असतो. मग या दोहोंत मुख्य पाय कोणता? हाच प्रश्न फुटबॉलच्या मैदानावर, कबड्डीच्या अंगणांत, आणि घरांत पहिल्यानेंच चेंडूला पाय लावणाऱ्या मुलाच्या बाबतींतहि उद्भवतो. मूल डाव्या पायानें चेंडू मारूं लागलें, तर त्याला वळण लावावें कीं लावूं नये, अशी शंका आईबापांस येते. तिचें उत्तर शोधण्यापूर्वीं दोन पायांमध्यें निसर्गानें किती भेद केला आणि समाजानें किती केला, हें वेगवेगळें करून पाहिलें पाहिजे.

समाजाचा कल उघड आहे. देवळाचा उंबरठा उजव्या पायानें ओलांडावा, नववधूनें सासरीं प्रवेश करतांना उंबरठ्यावरचें माप उजव्या पायानें लवंडावें, प्रदक्षिणा घालतांना देव उजव्या हातास ठेवावा, हे शिष्टाचार घरोघरीं परिचित आहेत. भाषेनेंहि तोच पक्षपात उचलला आहे. मराठींत कूस उजवते, आणि ज्याची उपेक्षा करावयाची तो डावलला जातो. पंक्तींत वाढतांना भेदभाव झाला तर डावें-उजवें केलें, असें म्हणतात. डावा हात अधिक वापरणारास डावखुरा म्हणतात. हाताविषयींच्या या शब्दांत खूर ऐकूं येतो, ही गंमत सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मात्र शिष्टाचारहि सर्वत्र एक नाहीं. नागपुराहून रामटेकला जातांना वाटेंत कामठी लागते. १८२१ सालीं वसविलेलें हें छावणीचें गांव. आज तेथें ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पलटणीचें प्रशिक्षण केंद्र आहे. कवायतींत शिपायाचें पहिलें पाऊल डाव्या पायाचें पडतें, आणि त्यांत कोणासहि कांहीं अशुभ दिसत नाहीं. तेव्हां उजव्या पायाचा मान हा संकेत आहे. तो पाळणाराच्या भावनेचा प्रश्न आहे, शरीराच्या धर्माचा नव्हे.

निसर्गाचा कल मात्र मोजून पाहतां येतो. पायांच्या पसंतीविषयीं जगांत निरनिराळ्या ठिकाणीं झालेल्या १६४ अभ्यासांचें एकत्र गणित २०२० सालीं प्रसिद्ध झालें. लोकांचे डावे आणि उजवे असे दोनच वर्ग केले, तर सुमारें १२ टक्के लोक डाव्या पायाचे निघतात. दोन्ही पाय सारखे वापरणारांचा तिसरा वर्ग धरला, तर केवळ उजव्या पायाचे नाहींत अशा लोकांचें प्रमाण सुमारें २४ टक्क्यांवर जातें. हात व पाय यांचा संबंध निकट आहे, परंतु तो अभेद्य नाहीं. उजव्या हाताच्या शंभर माणसांत डाव्या पायाचीं तीन-चारच आढळतात. उलट डावखुऱ्या शंभर माणसांत साठांचाच पाय डावा असतो, बाकीच्या चाळीसांचा नसतो. एकट्या हातांतहि कामांची वांटणी असूं शकते. सचिन तेंडुलकर डाव्या हातानें लिहितात, पण फलंदाजी व गोलंदाजी उजव्या हातानें करीत आले. सांगलीस वाढलेल्या स्मृति मानधना या मूळच्या उजव्या हाताच्या. त्यांची फलंदाजी मात्र डावखुरी आहे. माणसाला एक कोणती तरी बाजू जन्मतःच नेमून दिलेली असते आणि तिनेंच सर्व कामें व्हावींत, हा समज या उदाहरणांपुढें टिकत नाहीं.

ही पसंती येते कोठून? मेंदूचा डावा अर्धा भाग शरीराच्या उजव्या बाजूस आणि उजवा अर्धा भाग डाव्या बाजूस आज्ञा देतो, हें सर्वश्रुत आहे. गर्भांतील मूलहि दोन अंगठ्यांपैकीं एकच विशेषेंकरून चोखतें, हें ध्वनिलहरींनीं घेतलेल्या चित्रांत दिसून आलें आहे. यावरून ही निवड केवळ शिकविण्यानें आलेली संवय नव्हे, असें ठरतें. आनुवंशिकतेचा त्यांत वांटा आहे. तथापि तो एकाच जनुकावर अवलंबून नाहीं. पायाची पसंती हाताच्या पसंतीहून उशिरां स्थिरावते. लहान वयांत कधीं या पायानें, कधीं त्या पायानें चेंडू मारणारीं मुलें पुष्कळ आढळतात. शाळेच्या वयांत हळूहळू एक पाय पुढाकार घेतो.

पायाच्या बाबतींत आणखीहि एक गोष्ट महत्त्वाची आहे. जेवतांना किंवा लिहितांना डावा हात पुढें आला कीं वडीलधारीं माणसें टोकतात. पायाला घास घ्यावा लागत नाहीं, कीं अक्षर काढावें लागत नाहीं. त्यामुळें समाजाच्या शिस्तींतून पाय बराचसा सुटला. शरीराचा मूळचा कल पाहावयाचा असेल, तर हातापेक्षां पायाची साक्ष अधिक निर्भेळ, असें कांहीं संशोधक मानतात तें याचसाठीं.

आतां पसंतीचा पाय म्हणजे नेमकें काय? एकाच माणसास चार कामें सांगून पाहावीं. चेंडू मारणें, पायाच्या बोटांनीं खडा उचलणें, वाळूंत अंगठ्यानें आकडा काढणें, आणि चौथें, एका पायावर तोल सांभाळून उभें राहणें. पहिल्या तीन कामांस बहुतेक लोक उजवा पाय पुढें करतात. चौथ्या कामास मात्र त्यांतलेच अनेकजण डावा पाय देतात. कारण उघड आहे. उजवा पाय कांहीं करीत असतां शरीराचा भार डाव्यानेंच पेललेला असतो. पायांची पाहणी करणाऱ्या शास्त्रीय प्रश्नावलींत म्हणूनच दोन भाग ठेवितात; एक हालचालीच्या कामांचा आणि दुसरा आधाराच्या कामांचा. ज्याला लोक दुबळा पाय म्हणतात, तो बहुधा दुबळा नसतो. त्याच्याकडे दुसरें काम असतें. एकीनें पोळी लाटावी आणि दुसरीनें भाजावी, तशीच ही वांटणी. लाटणारीला तव्याची संवय नसली, म्हणून भाजणारी गौण ठरत नाहीं.

फुटबॉलची किक सावकाश न्याहाळली म्हणजे ही वांटणी डोळ्यांपुढें उभी राहते. उजव्या पायाचा खेळाडू किंचित तिरपा धांवत येतो. शेवटचें पाऊल डाव्या पायाचें असतें आणि तें चेंडूच्या शेजारीं पडतें. धांवेचा वेग त्या पायावर अडतो, आणि शरीराच्या वजनाहून अधिक भार क्षणभर त्याच्यावर येतो. तो पाय खुंटासारखा रोवला जाऊन त्याच्याभोंवतीं कंबर वळते, मांडी पुढें येते, मग गुडघा सरळ होतो, आणि सर्वांत शेवटीं उजवें पाऊल चेंडूवर आदळतें. चेंडू आणि पाऊल यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारें शंभराव्या भागाइतकाच टिकतो. चेंडूची दिशा त्या निमिषांत ठरते, असें पाहणारास वाटतें. वस्तुतः डावें पाऊल चेंडूपासून किती अंतरावर व कोणत्या दिशेस पडलें, यावर ती बरीचशी अगोदरच ठरलेली असते. आधाराचा गुडघा डळमळला, तर कसलेला उजवा पायहि चेंडू भलतीकडेच धाडतो.

नागपूर-कामठीच्या भागांत फुटबॉलचा शौक जुना आहे. या खेळांत डाव्या पायाच्या खेळाडूचें महत्त्व कां वाढतें, हें समजण्यास कठीण नाहीं. मैदानाच्या डाव्या कडेनें धांवणारास चेंडू गोलासमोर टाकावयाचा असेल, तर डाव्या पायाचा खेळाडू तो धांवतां धांवतां टाकतो. उजव्या पायाच्या खेळाडूस तेथें थबकून चेंडू दुसऱ्या बाजूस घ्यावा लागतो, आणि तेवढ्यांत प्रतिपक्षाचा रक्षक आडवा येतो. मॅराडोना आणि मेस्सी हे आर्जेंटिनाचे दोन्ही थोर खेळाडू डाव्या पायाचे निघाले. तरीहि श्रेष्ठ खेळाडूंत डाव्या पायांची गर्दी आहे, असें नाहीं. १९९८ सालीं फ्रान्समध्यें झालेल्या विश्वचषक स्पर्धेंतील खेळाडूंच्या पायांची पाहणी २००१ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांत उजव्या पायाचे सुमारें ७९ टक्के, म्हणजे सामान्य जनतेंत असावेत तितकेच आढळले. त्याच पाहणींतील दुसरा निष्कर्ष अधिक बोधप्रद आहे. हे निवडक खेळाडूदेखील आपला नावडता पाय फार क्वचित् वापरीत. परंतु जेव्हां वापरीत, तेव्हां त्यांना पसंतीच्या पायाइतकेंच यश येत असे. म्हणजे उणीव होती ती वापराची, सामर्थ्याची नव्हे.

नावडत्या पायाची खरी कसोटी घेणारा खेळ पाहावयाचा, तर ऑस्ट्रेलियाकडे वळावें लागतें. तेथील फुटबॉलचे पहिले नियम १८५९ सालीं मेलबर्न येथें लिहिले गेले. लंबवर्तुळाकार मैदान, लांबट चेंडू, प्रत्येक बाजूस मैदानावर १८ खेळाडू, आणि मधल्या दोन उंच खांबांमधून पायानें चेंडू धाडला कीं सहा गुण, असें त्याचें स्वरूप आहे. या खेळांत चेंडू बहुधा हातांतून सोडून खालीं पडतां पडतां पायानें मारतात. त्यामुळें चेंडू सोडणारा हात आणि मारणारा पाय यांचा मेळ बसावा लागतो, आणि नावडत्या बाजूस केवळ पायच नव्हे तर हातहि नवखा ठरतो. गोलाकडे तोंड करून उभें राहिल्यास उजवीकडचा कोपरा डाव्या पायाच्या खेळाडूस सोयीचा, तर उजव्या पायाच्या खेळाडूस अडचणीचा मानला जातो. डाव्या कोपऱ्यांत याच्या उलट. प्रतिपक्षाचा एक नेहमींचा डाव असा कीं, चेंडू घेऊन धांवणारास त्याच्या नावडत्या पायाच्या बाजूसच ढकलीत न्यावें. म्हणून तेथील शिक्षक दोन्ही पायांच्या सरावाचा आग्रह धरतात. नावडत्या पायानें मारतांना पावलाचा वेग कमी पडतो, असें मोजमापांतहि दिसून आलें आहे.

या खेळाच्या ३१ खेळाडूंचा एक अभ्यास २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांची किक अचूक जाई, त्यांच्या दोन्ही पायांच्या बळांत विशेष तफावत नव्हती. ज्यांची चुके, त्यांचा आधाराचा पाय मारणाऱ्या पायाच्या मानानें कमजोर आढळला. दुसऱ्या बाजूस त्याच देशांतील दुखापतींच्या नोंदी पाहिल्या, तर मांडीच्या पुढच्या स्नायूला होणारी इजा मारणाऱ्या पायांत अधिक दिसते. एकाच पायाला मारण्याचें आणि एकाच पायाला पेलण्याचें काम वर्षानुवर्षें दिल्याची ही दुहेरी किंमत आहे. मारणारा पाय झिजतो, आणि आधाराच्या पायाकडे दुर्लक्ष झालें तर नेमहि चुकतो.

महाराष्ट्राच्या देशी खेळांत हेंच तत्त्व फार पूर्वींपासून खेळलें गेलें आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें, जें १९१४ सालीं स्थापन झालें, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं तेथें कबड्डीसारख्या भारतीय खेळांचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं. कबड्डींत चढाई करणारा गडी एक पाय पुढें टाकून बोटांच्या टोकानें प्रतिपक्षाच्या गड्यास शिवतो किंवा मागच्या मागें लाथ झाडतो. पण मध्यरेषेकडे परतण्याचें बळ मागच्या, रोवलेल्या पायांत असतें. पुढचा पाय बचावकर्त्यांनीं धरला आणि मागचा घसरला, कीं गडी संपला. आजच्या नियमांप्रमाणें समोर सहा किंवा अधिक गडी असतां बोनस रेषेपलीकडे एक पाऊल टेकावें आणि त्याच क्षणीं दुसरें पाऊल अधांतरीं असावें, तरच अधिक गुण मिळतो. टेकणारा पाय आणि उचललेला पाय यांची इतकी काटेकोर दखल घेणारे नियम थोडेच असतील. खोखोंतहि खो मिळालेल्या गड्यानें एकदां दिशा घेतली, कीं खांबाला वळसा घातल्याशिवाय त्याला मागें फिरतां येत नाहीं. जो नेहमीं एकाच बाजूस पहिलें पाऊल टाकतो, त्याची चाल पळणारा ओळखून बसतो. आणि लंगडी हा तर केवळ आधाराच्या पायाचाच खेळ. मूल कोणत्या पायावर लंगडी घालतें, हें पाहिलें तर त्याचा पेलणारा पाय कोणता, तें कोणत्याहि यंत्रावांचून कळतें.

आईबापांच्या आणि शाळेंतील व्यायामशिक्षकांच्या दृष्टीनें यांतून दोन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, मुलाचा पसंतीचा पाय बदलण्याचा खटाटोप करूं नये. डाव्या पायानें मारणारें मूल चुकत नसतें, त्याची वांटणी उलट असते इतकेंच. त्याचा उजवा पाय तेथें आधाराचें काम मुकाट्यानें करीतच असतो. त्याला दरडावून पाय बदलावयास लावला, तर दोन्ही पायांना अनोळखी काम मिळतें आणि मुलाला आपल्या शरीराचाच संकोच वाटूं लागतो. खेळांतून त्याचें मन कायमचें उठण्यास तेवढें कारण पुरतें. दुसरी गोष्ट अशी कीं, दोन्ही पायांना दोन्ही कामांचा परिचय करून द्यावा. भिंतीवर चेंडू मारतांना कांहीं वेळ नावडता पाय वापरावा, प्रथम जवळून व हळू, मग लांबून. लंगडी एकदां उजव्या व एकदां डाव्या पायावर घालावी. दोन्ही पायांवर आळीपाळीनें स्थिर उभें राहण्याचा सराव करावा. यासाठीं साहित्य लागत नाहीं, कीं पैसा लागत नाहीं.

एका बाबतींत मात्र सावध राहिलें पाहिजे. वर्षाच्या आंतील बालक एकच हात सतत वापरीत असेल आणि दुसरी मूठ मिटूनच ठेवीत असेल, किंवा रांगतांना, चालतांना एक पाय ओढीत असेल, तर ती पसंती समजून कौतुक करूं नये. दुसऱ्या बाजूच्या दुर्बलतेचें तें लक्षण असूं शकतें आणि डॉक्टरास वेळींच दाखवावें. त्याचप्रमाणें मोठ्या माणसाचा एक हात किंवा पाय एकाएकीं लुळा पडल्यासारखा झाला, तर घटकाभर वाट पाहण्यांतहि धोका आहे. तत्काळ रुग्णालय गांठावें.

वृद्धांनाहि आधाराच्या पायाचा विचार उपयोगी पडतो. अंबाळा तलावाकडून रामटेकच्या पायऱ्या चढणाऱ्या यात्रेकरूंत गुडघेदुखीचीं माणसें पुष्कळ असतात. चढतांना शरीर वर उचलण्याचें काम पुढें टाकलेला पाय करतो. उतरतांना शरीर सांवरून खालीं सोडण्याचें काम मागें, वरच्या पायरीवर राहिलेला पाय करतो. म्हणून एका गुडघ्यास दुखणें असेल, तर चढतांना आधीं चांगला पाय टाकावा आणि उतरतांना आधीं दुखरा. दोन्ही वेळां कष्टाचें काम चांगल्या पायाकडेच राहतें. पहिलें पाऊल उजवें कीं डावें, हा विचार पायऱ्यांवर गुडघ्याच्या सोयीनें करावा. देवळाच्या उंबरठ्याशीं आल्यावर रीत पाळण्यास कोणाची हरकत नाहीं.

घरांत चेंडू मारणाऱ्या मुलाविषयींच्या शंकेचेंहि उत्तर यांतच आहे. तें ज्या पायानें मारतें त्या पायानें त्याला मारूं द्यावें, आणि ज्या पायावर तें उभें आहे, तिकडेहि शिक्षकानें लक्ष पुरवावें.